हार्ड डिस्कची शोकसभा

अमरावतीच्या कार्यशाळेला जाऊन आली तेव्हापासून सुकेशनी तायडेच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता.

वाशीमच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. पुस्तकं द्यायची, घ्यायची, 'मॅडम, तो पंखा फिरून नाही राह्यला' असं कोणी म्हटलं की काठीनं पंख्याला ढोसायचं, यात तिचे दिवस बरे जात होते. पण अमरावतीला एका अनुभवी बाईंनी सांगितलं की, कॉलेजातले प्राध्यापक वर्षानुवर्षं जी मोजमापं घेतात, नमुने तपासतात, मुलाखती टिपतात, ती सगळी कच्ची माहिती म्हणजे खरं धन. छापलेला निबंध ही नुसती त्याची पावती. हे धन जपायचं, त्याला नीट नाव-गाव द्यायचं, उद्या दुसऱ्या कोणाला सापडेल असं ठेवायचं, हे काम ग्रंथपालाचंच. मात्र ते एकट्यानं होत नाही. विभाग, संगणकवाले, ऑफिस, सगळ्यांना सोबत घ्यावं लागतं.

सुकेशनीला हे इतकं पटलं, की परतीच्या एसटीत तिनं ते शेजारच्या बाईलाही पटवून दिलं. त्या बाईला मंगरूळपीरला जायचं होतं. ती कारंज्यालाच उतरून गेली.

कॉलेजात आल्यावर सुकेशनीनं बैठक बोलावली. नोटीस फिरवली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, चहा सांगितला, चिवडा आणला. ठरल्या वेळेला ग्रंथालयात चहाची किटली आणि ती अशा दोघीच हजर होत्या.

मग ती एकेकाच्या दारी गेली. रसायनशास्त्राच्या प्रमुख चंदना संगई मॅडम, माहेर-सासर दोन्ही कारंज्याच्या व्यापारी घरातलं. जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून त्यांनी कपाटं भरली होती आणि प्रत्येक कपाटाला कुलूप होतं. "तायडे मॅडम," त्या गोड हसून म्हणाल्या, "आमच्या घरात भाव आणि माहिती, दोन्ही वेळ आल्याशिवाय उघडत नाहीत."

"वेळ कधी येणार, मॅडम?"

"तेही आम्ही सांगत नसतो."

संगणक प्रयोगशाळेचा ऋषिकेश तरुण होता, हुशार होता आणि सर्वरच्या खोलीची किल्ली गळ्यात घालून फिरत होता. "सर्वर म्हंजे काही पुस्तकाचं कपाट नाही, मॅडम," तो म्हणाला. "कोनी बी आलं अन् काही बी खुपसलं, असं नाही जमत. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आना." ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य म्हणाले, "आधी ऋषिकेशचा अभिप्राय घ्या." ऋषिकेश म्हणाला, "सही नसलेल्या अर्जावर अभिप्राय कसा देऊ?" असा तो अर्ज या मजल्यावरून त्या मजल्यावर इतका फिरला की त्याचे कोपरे मऊ पडले.

राहता राहिले भूगोलाचे बबनराव भोयर सर. सर मनानं मोकळे, बोलायला गोड. आसेगावच्या पट्ट्यातल्या विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि लिहून ठेवायची, हे काम त्यांनी विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या घेऊन वर्षानुवर्षं चालवलं होतं. ती सगळी मोजमापं एका हार्ड डिस्कमध्ये होती आणि ती हार्ड डिस्क लोकरीच्या मोज्यात घालून सर सगळीकडे सोबत नेत.

"सर, एक प्रत ग्रंथालयात ठेवा. एक ऋषिकेशकडे राहील."

"तायडे मॅडम, हे पोरगं हाय माह्यं," सरांनी मोज्यावरून हात फिरवला. "पोरगं कोनी तीन घरी ठेवते काय?"

सुकेशनी म्हणाली, निदान संगई मॅडमना तरी दाखवा. त्याच विहिरींचं पाणी त्या तपासतात, दोन्ही माहिती शेजारी ठेवली तर केवढं काम होईल. सरांचा चेहरा एकदम उतरला. कधीकाळी एका चर्चासत्रात त्यांनी भाषणाच्या भरात म्हटलं होतं की, बाटलीतलं पाणी पाहून विहीर कळत नसते. संगई मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. स्टाफरूममध्ये दोघं वर्तमानपत्र आडवं धरून बसायचे.

दिवाळी झाली. सोयाबीनच्या ट्रॉल्या बाजार समितीकडे धावू लागल्या. अशाच एका सकाळी भोयर सर मोटारसायकलवर कॉलेजला येत होते. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत मोजा, मोज्यात पोरगं. गेटासमोरच्या गतिरोधकावर गाडी उडाली, पिशवी गाडीपेक्षा जास्त उडाली, आणि मागून येणाऱ्या भरल्या ट्रॉलीचं चाक तिच्यावरून गेलं.

ट्रॅक्टरवाला भला माणूस. थांबून म्हणाला, "सर, जेवनाचा डबा होता काय? माह्या डब्यातलं घ्या."

रस्त्यात उकिडवं बसून सरांनी एकेक तुकडा वेचला आणि मोज्यात भरला. ग्रंथालयाच्या खिडकीतून सुकेशनीनं ते पाहिलं. त्याच दिवशी सर बायकोला घेऊन अकोल्याला गेले. तिथे सासुरवाडी होती, आणि मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक कारागीरही होता म्हणे. मन ठिकाणावर नसलं की सर फोन बंद ठेवत. तो त्यांनी ठेवला.

स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. जो तो 'अरेरे' म्हणे आणि आपल्या पेन ड्राइव्हची किल्ल्यांत अडकवलेली साखळी बोटाभोवती फिरवत वर्गावर जाई. कोणी प्रत केली नाही, कोणी ग्रंथालयाची पायरी चढलं नाही. इतिहासाचे एक सर उसासा टाकून म्हणाले, "घरातलं मानूस गेल्यासारखं झालं बुवा भोयर सरायले."

सुकेशनीनं कान टवकारले. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट पाहू नये, हा इकडचा रिवाज. बैठकीला कुत्रं येत नाही, पण शोकसभेला अख्खं गाव येतं. मग हार्ड डिस्कचीच शोकसभा घेतली तर? गेटवर फ्लेक्स लावायचा, हार्ड डिस्कचा फोटो, त्याला हार. लोक हसतील, हसत हसत येतील, बसतील. एकदा बसले की दार लावून घ्यायचं आणि प्रती कशा ठेवायच्या ते सांगायचं.

कल्पना तिला इतकी आवडली की ती एकटीच कपाटाआड जाऊन हसली. भोयर सरांना विचारायला हवं, म्हणून तिनं फोन लावला. बंद. थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

कॉलेज रोडवर किसनसिंगचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवडणूक, अभिनंदन, निधन, गावातल्या प्रत्येक प्रसिद्ध चेहऱ्याचा फोटो त्याच्या संगणकात हार घालून तयार असे. सुकेशनीनं ग्रंथालयातून, मुलं वाचत होती म्हणून दबक्या आवाजात त्याला फोन केला. तिकडे यंत्र घरघरत होतं.

"किसनसिंगभाऊ, श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे. शनिवारी सकाळी गेटवर लागला पाहिजे."

"कोन गेलं?"

"भोयर सरांची हार्ड डिस्क. अपघातात."

"भोयर सर?" किसनसिंगचा आवाज चिरकला. "हार्टनं का अपघातानं?... का दोन्ही?"

यंत्राच्या घरघरीत सुकेशनीला शेवटचं 'दोन्ही' एवढंच ऐकू आलं. तिला वाटलं, गेटाच्या दोन्ही बाजूंना का, असं तो विचारतोय. "हो, दोन्ही," ती म्हणाली.

"अरे देवा. लय वाईट झालं. तुमी मजकूर धाडा, बाकीचं माह्यावर सोडा."

तिनं मजकूर धाडला. 'भूगोल विभागाची लाडकी हार्ड डिस्क हिचे अपघाती निधन' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण किसनसिंगला अनुभव दांडगा. दुःखात माणसं काहीबाही लिहितात आणि ते नीट करून छापायचं असतं, हे त्याचं धोरण होतं. त्यानं नीट केलं.

शनिवारी सकाळी सुकेशनी ऑटोतून गेटासमोर उतरली आणि तिथेच थिजली. गेटाच्या दोन्ही बाजूंना भोयर सर हसत होते. कुठल्याशा सत्काराचा फोटो होता. शेजारच्याला कापून टाकलं होतं, पण त्याचा पंजा सरांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली ठसठशीत अक्षरांत: 'भूगोल विभागाचे आधारवड प्रा. बबनराव भोयर यांचे हार्ड डिस्कच्या तीव्र झटक्याने अपघाती निधन. शोकसभा: आज दुपारी बारा, ग्रंथालय. शोकाकुल: ग्रंथपाल व समस्त मित्रपरिवार.'

तिनं तिथूनच फोन लावला. "किसनसिंगभाऊ! सर जिवंत आहेत!"

पलीकडचं यंत्र खटकन बंद झालं. "मंग तुमी दोन्ही काहून म्हनलं?"

"ते राहू द्या! आधी उतरवा!"

"शिडी रिसोडले गेली हाय, मॅडम. उद्घाटन हाय तिकडं. आली का उतरवतो."

सुकेशनीनं उड्या मारून फ्लेक्स ओढायचा प्रयत्न केला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तिला धरलं आणि समजूत काढली की, बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. तोवर फ्लेक्सचा फोटो जिल्ह्याच्या सगळ्या मोबाइलांवर पोचला होता. सरांच्या घराला कुलूप, फोन बंद. त्यामुळे बातमी खरी असल्याबद्दल कोणालाच शंका उरली नाही.

ती धावत प्राचार्यांच्या खोलीत गेली. प्राचार्य आरशासमोर उभे राहून भाषण म्हणून पाहत होते.

"सर, भोयर सर गेले नाहीत."

प्राचार्यांचे डोळे भरून आले. "खरं बोललात, मॅडम. अशी माणसं जात नसतात."

"तसं नाही, सर. ते अकोल्याला आहेत."

"जिथं असतील तिथं सुखी असोत," प्राचार्य म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले.

ग्रंथालयात आली तर उभं राहायला जागा नव्हती. कधी न फिरकलेले विभागप्रमुख पहिल्या रांगेत डोकी खाली घालून बसले होते. संगई मॅडम पांढऱ्या साडीत. ऋषिकेश किल्ली खिशात घालून. मागे सरांचे जुने विद्यार्थी. कोणी मंगरूळपीरहून, कोणी मालेगावहून मोटारसायकली हाणत आलेले. सुकेशनीच्या मनात एक क्षण चोरासारखा आनंद येऊन गेला: आले, सगळे आले! आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. आता उभं राहायचं आणि स्पष्ट सांगून टाकायचं, नोकरी गेली तरी चालेल, असं तिनं ठरवलं.

एवढ्यात बाहेर जीप थांबली आणि असा हंबरडा ऐकू आला की खिडकीतली कबुतरं उडाली.

आसेगावला दिलेली सरांची थोरली बहीण, गोजराबाई. दोन बाया तिला धरून आणत होत्या. "माह्या बब्या रे! कालपरवा माह्या हातची भाकर खाऊन गेला रे!"

हे काही सुकेशनीला सहन झालं नाही. तिनं त्या दोघींना बाजूला सारलं, गोजराबाईला पुस्तकांच्या आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पाया धरले. "मावशी, रडू नका. भोयर सर ठणठणीत आहेत. चूक माझी आहे."

तिनं सगळं सांगितलं; मोजा, ट्रॉली, यंत्राची घरघर, सगळं. गोजराबाईनं ऐकून घेतलं. मग एक सणसणीत चापट सुकेशनीच्या दंडावर मारली. मग खाली बसून रडली, पण ते रडणं वेगळं होतं. मग पदरानं नाक पुसलं.

"म्हंजे मशीन मेलं, अन् तुमी माह्या भावाले मारलं?"

"हो, मावशी. आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना."

सुकेशनी दाराकडे वळली तशी गोजराबाईनं तिचा पदर धरला. दाराच्या फटीतून तिनं बाहेरची गर्दी पाहिली. "हे पहिल्या वळीत बसले थे कोन?"

"मोठे सर-मॅडम आहेत. विभागप्रमुख."

"जित्तेपनी कोनी माह्या भावाबद्दल चांगलं बोललं काय?"

सुकेशनीनं नकारार्थी मान हलवली.

"मंग बोलू दे तं आज," गोजराबाई म्हणाली आणि तिच्या सुरकुतलेल्या गालावर एक खळी पडली. "आइकू तं दे मले. झाल्यावर सांगजो. मी पाहून घेतो."

बहीणच असं म्हणते म्हटल्यावर सुकेशनी काय करणार? गोजराबाई बाहेर आली, मधोमध बसली आणि तिनं पदर तोंडावरून घेतला.

पहिले प्राचार्य बोलले. काळाच्या पडद्याआड, न भरून निघणारी पोकळी, सगळं झालं. मग ऋषिकेश उठला. त्याला भाषणाची सवय नव्हती. "सरायनं मले मागच्या वर्षी जागा मागतली होती सर्वरवर," तो खाली बघत म्हणाला. "मी म्हनलं, अर्ज करा. जागा होती, सर. निम्मा सर्वर रिकामा हाय. मी उगाच..." आणि तो रडायला लागला.

गोजराबाईचे खांदे गदगदले. आजूबाजूच्या बायांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती हसत होती, हे फक्त सुकेशनीला दिसत होतं.

संगई मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा सगळीकडे शांत झालं. "आमचं बोलणं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणाले होते, बाटलीतलं पाणी पाहून विहीर कळत नसते. मला राग आला, कारण ते खरं होतं. पाण्यात नायट्रेट किती आहे ते मला कळतं. ते का वाढलं, हे सरांच्या मोजमापांशिवाय कळत नाही. तायडे मॅडम माझ्या दारी आल्या होत्या, मी चेष्टा करून त्यांना घालवलं. आज सरांची माहितीही गेली आणि सरही गेले. माझी कुलपं घेऊन मी काय करू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. गोजराबाईचं गदगदणं थांबलं. तिनं पदर जरा वर करून या बाईकडे नीट पाहिलं.

प्राचार्य भारावून पुन्हा उठले. "मी जाहीर करतो! भोयर सरांच्या स्मरणार्थ कॉलेजात संशोधन माहितीचा संग्रह सुरू होईल. ग्रंथालय तो सांभाळेल, संगणक विभाग जागा देईल, आणि प्रत्येक विभाग आपली माहिती त्यात ठेवेल. हा माझा शब्द!"

"ठेवू, ठेवू," पहिली रांग हुंदक्यांतून म्हणाली.

नेमक्या याच वेळी भोयर सर ग्रंथालयाच्या दारात आले. अकोल्याच्या गाडीतून उतरून ते बायकोला घरी सोडून, मागच्या फाटकानं थेट कॉलेजात आले होते; पुढचं गेट त्यांनी पाहिलंच नव्हतं. एवढी गर्दी, एवढी शांतता. सरांनी चपला काढल्या, टोपी हातात घेतली आणि शेवटच्या खुर्चीवर अलगद बसून शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं हो?"

शेजारी त्यांचा जुना विद्यार्थी लखीराम बसला होता, मंगरूळपीरला बियाण्याचं दुकान चालवणारा. "भोयर सर," त्यानं डोळे पुसत सांगितलं आणि मग मान वळवली. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तो खुर्चीसकट मागे पडला. मग सगळ्यांनीच माना वळवल्या. प्राचार्य टेबलाला धरून खाली बसले. इतिहासाचे सर खिडकीकडे धावले. ऋषिकेश "सर!" म्हणून ओरडला आणि त्यानं जाऊन भोयर सरांना मिठीच मारली.

"अरे, काय झालं काय?" सर घाबरून म्हणाले. "घरचं कोनी गेलं काय?" मग त्यांना बहीण दिसली. "बाई, तू काहून इथं?"

सुकेशनी पुढे झाली. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, काही राखलं नाही. ऐकताना सरांच्या चेहऱ्यानं कितीतरी रंग बदलले.

"मॅडम, मले इचारलं काहून नाही?"

"फोन बंद होता, सर."

"मंग थांबायचं होतं."

एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही. सुकेशनीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. तिनं मान खाली घातली आणि त्या वेळी तिच्या डोळ्यांत जे पाणी आलं त्यात खोडी अजिबात नव्हती.

"डिस्कचं काय झालं?" संगई मॅडमनी विचारलं. कितीतरी वर्षांनी त्या सरांशी बोलत होत्या.

सरांनी खिशातून मोजा काढून टेबलावर ठेवला. आत तुकडे खुळखुळले. "अकोल्याच्या मानसानं हात जोडले," ते म्हणाले. "गेली ते गेली."

मग मागचे लोकही मोजा दिसावा म्हणून उभे राहिले. बारा वाजल्यापासून जी शोकसभा चालली होती, ती जणू आत्ता सुरू झाली.

सगळ्यांत आधी प्राचार्यांना भान आलं. कपडे झटकत ते उठले. "तायडे मॅडम, याचा खुलासा तुम्हाला लेखी द्यावा लागेल. आणि मघाशी जे काही मी जाहीर केलं, ते अर्थातच गैरसमजातून..."

"काय म्हनले?" गोजराबाई उभी राहिली. पदर आता डोक्यावर होता. "मेलेल्याले देत होते, अन् जित्याले नाही म्हनता? माह्या भावानं आता तुमच्यासाठी मरूनच दाखवावं काय?"

"तसं नाही, मावशी..."

"शब्द देला का नाही देला? या पोट्ट्यायनं आइकला का नाही आइकला?"

"आइकला!" मागून जुने विद्यार्थी ओरडले. त्यांत लखीरामचा आवाज सर्वांत मोठा होता. एवढं भिऊन पडल्यावर त्याला काहीतरी वसूल करायचंच होतं. पहिल्या रांगेनं एकमेकांकडे पाहिलं. आत्ताच हुंदके देऊन 'ठेवू, ठेवू' म्हणून बसले होते. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले.

लखीरामनं मग आणखी एक गोष्ट केली. फोन काढून तो म्हणाला, "सर, आमच्या तुकडीची मोजमापं मी तुमाले मेल केली होती. अजून असन त्या मेलमध्ये." ते ऐकून दुसऱ्यानंही फोन काढला. एकीनं सांगितलं की तिच्या प्रकल्पाची फाइल भावाच्या लॅपटॉपमध्ये आहे. कोणाकडे एक वर्ष, कोणाकडे अर्धं, कोणाकडे नुसते विहिरीवर काढलेले फोटो, त्यात दोरावरची खूण दिसत होती. सुकेशनीनं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि एकेकाला रांगेत उभं केलं. चहा कोणीतरी सांगितला. या वेळी किटली पुरली नाही.

सोमवारी तिला प्राचार्यांची दोन पत्रं एकाच लिफाफ्यात मिळाली. एकात कारणे दाखवा नोटीस होती, दुसऱ्यात नव्या समितीचं सचिवपद. नोटिशीचं उत्तर तिनं खरंखरं लिहिलं. मग सरांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोची माफी मागितली. सरांच्या बायकोनं चहा दिला, पण बोलली बेतानं, आणि ते सुकेशनीला रास्तच वाटलं. निघताना सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, "संगई मॅडमनं खरंच तसं म्हनलं काय? 'ते खरं होतं' म्हून?"

"अगदी तसंच, सर."

"पुन्यांदा सांगा बरं, कसं म्हनल्या?"

सुकेशनीनं पुन्हा सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि फाटक लावून घेतलं. रागवणं अजून बाकी होतं, पण त्याची धार गेली होती.

पुढे दर गुरुवारी दुपारी ग्रंथालयात समितीची बैठक बसू लागली. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती: एक विभागात, एक ऋषिकेशच्या सर्वरवर, एक गावाबाहेर. गावाबाहेरच्या प्रतीसाठी सुकेशनीनं कारंज्याच्या कॉलेजच्या ग्रंथपालाशी बोलून ठेवलं. त्यांची प्रत वाशीमला, वाशीमची कारंज्याला. ऋषिकेशनं अर्जाची अट काढून टाकली, पण प्रत्येक पानाखाली 'संगणक विभागाच्या सौजन्याने' असं आलंच पाहिजे यावर तो अडून बसला. बसू दिलं. मराठीचे सर पोळ्याच्या झडत्यांची, म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या टोमणेबाज पद्यांची, ध्वनिमुद्रणं घेऊन आले. गावोगावचे म्हातारे त्यात बैलांपेक्षा पुढाऱ्यांनाच जास्त झोडपत होते, त्यामुळे ती बैठक दोन तास लांबली. इतिहासाचे सर मात्र अजून 'पाहू, पाहू' म्हणत होते. सुकेशनी त्यांच्याकडे पाहून नुसती हसे, आणि तिचं ते हसणं पाहून ते अस्वस्थ होत.

सरांची सगळी वर्षं काही परत आली नाहीत. मधली काही कोणाकडेच निघाली नाहीत. सर म्हणाले, अंदाजानं भरून काढू. संगई मॅडम म्हणाल्या, अंदाज तो अंदाज, रिकामं ते रिकामं. यावर दोघं ग्रंथालयात इतके भांडले की वाचणारी मुलं पुस्तकं मिटून ऐकत बसली. शेवटी रिकामं तसंच ठेवायचं आणि का रिकामं आहे ते शेजारी लिहायचं, असं सुकेशनीनं ठरवून दिलं. मग नवा घोळ निघाला. सरांच्या यादीत 'पाटलाची विहीर' होती, 'चिंचेखालची' होती. मॅडमच्या बाटल्यांवर नुसते क्रमांक. कोणती बाटली कोणत्या विहिरीची, हे जुळल्याशिवाय दोन्ही माहिती शेजारी ठेवून उपयोग नव्हता.

म्हणून एका रविवारी संगई मॅडमच्या गाडीतून सगळे आसेगावला निघाले. सर पुढे बसून वाट दाखवत होते आणि मॅडम त्यांचं न ऐकता मोबाइल दाखवेल तिकडे वळत होत्या. गोजराबाईनं आधी जेवायला बसवलं: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. मॅडम जैन, वांगं आणि ठेच्यातला लसूण चालत नाही म्हटल्यावर तिनं तेवढ्यात चुलीवर वेगळं पिठलं टाकलं, आणि ते सगळ्यांनीच संपवलं.

मग विहिरीवर. सरांनी दोर सोडला. मॅडमनी दुसऱ्या दोराला बाटली बांधली. ऋषिकेश काठावर मांडी घालून फोनवर रकाने उघडून बसला. सुकेशनी त्याच्यामागे उभी राहून नीट भरतो की नाही ते पाहत होती.

"घे रे, लिही," सर म्हणाले. "पाटलाची विहीर, पानी..."

"आधी क्रमांक," मॅडम म्हणाल्या.

"आधी नाव."

"क्रमांक."

"अहो, विहिरीले क्रमांकानं हाक मारली तं ओ देते काय?"

"तुमच्या पाटलाच्या विहिरी या तालुक्यात किती आहेत, मोजल्यात कधी?"

ऋषिकेशनं मान वर करून सुकेशनीकडे पाहिलं. तिनं खाली वाकून त्याच्या फोनवर आणखी एक रकाना वाढवला.

"दोन्ही लिही," ती म्हणाली. "अन् तारीख घाल. ते भांडतील तोवर तू जतन करून टाक."